नाथांचा रांजण आणि अजिंठ्याचा पाणलोट

भर पावसाळ्यात अजिंठ्याच्या घाटमाथ्यावर उभे राहिले की एक गोष्ट सहज ध्यानात येते. एकाच ढगाचा पाऊस डोंगरावर पडतो आणि माथ्यावरच त्याच्या दोन वाटा होतात. उत्तरेकडे उतरलेले पाणी वाघूर नदीतून तापीला जाते. दक्षिणेकडे कललेले पाणी खेळणा, गिरिजा अशा नद्यांतून पूर्णेला आणि पूर्णेतून गोदावरीला मिळते. एक धार अरबी समुद्राची, दुसरी बंगालच्या उपसागराची. तापीच्या काठी आदिशक्ती मुक्ताई आहे आणि गोदेच्या काठी शांतिब्रह्म एकनाथ महाराज. म्हणजे हा डोंगर मुक्ताईच्या आणि नाथांच्या पाण्याची वाटणी करीत उभा आहे, असेच म्हणायला हवे.

मुक्ताईची पालखी मात्र ही वाटणी मानीत नाही. तापीकाठाहून निघून ती बुलढाण्याकडे याच डोंगररांगेचा घाट चढते आणि जालना, बीडमार्गे पंढरीची वाट धरते. पाणी जी सीमा ओलांडू शकत नाही, ती वारी दरवर्षी पायी ओलांडते.

आज ही सीमा पाण्यालाही ओलांडायला लावावी, असा विचार जोरात आहे. हवामान बदलले, पाऊस बेभरवशाचा झाला, तेव्हा मोठी धरणे एकमेकांना जोडावीत, कोकणात समुद्राला जाणारे पाणी गोदावरीच्या खोऱ्यात आणावे, अशा योजना पुढे येत आहेत. तहानलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला त्या ऐकून आनंद न झाला तरच नवल. पण या डोंगराने पाण्याच्या अनेक योजना पाहिल्या आहेत. त्यांनी काय दिले आणि कुठे त्या अपुऱ्या पडल्या, याची उजळणी करून मग पुढे पाहिलेले बरे.

अजिंठ्याची लेणी जगाला चित्रांसाठी माहीत आहेत. वाघूर नदीने घोड्याच्या नालेसारखे वळण घेतले आहे, त्या वळणाच्या कड्यात ती खोदलेली आहेत. पहिली लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकातली, नंतरची पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली. इथले भिक्खू पावसाळ्यात एके ठिकाणी राहून वर्षावास करीत. आपल्या चातुर्मासासारखाच तो नेम. पावसाळ्यात समोर नदी धो धो वाहणार आणि उन्हाळ्यात तिचे डोह तेवढे उरणार, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून लेण्यांबरोबर खडकात पाण्याची टाकीही खोदली गेली. सतराव्या लेण्याच्या शिलालेखात दात्याने खोदविलेल्या अशा टाक्याचा उल्लेख आहे. सह्याद्रीतल्या जुन्या लेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हणतात. लेणे दान देणारा पोढीही दान देई, कारण पाण्यावाचून निवारा पुरा होत नाही. त्या टाक्याचे माप वस्तीच्या तहानेएवढे होते. जेवढी माणसे, तेवढे पाणी.

पुढे शहरे वाढली आणि पाणी दुरून आणण्याची वेळ आली. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. त्याने डोंगराच्या पोटातले झिरपते पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणले. नहरीला जागोजाग तपासणीची तोंडे ठेवली आणि सारे काम उतारावर सोपवले. कुठे मोट नाही, कुठे रहाट नाही. पुढे १७४४ च्या सुमारास पाणचक्की उभी राहिली. डोंगराकडून नळाने आलेले पाणी तिथे उंचावरून पडते आणि जाते फिरवते. त्या जात्यावरचे पीठ तिथल्या फकिरांच्या आणि यात्रेकरूंच्या पोटात जाई. बांधणाऱ्याचा धर्म कोणताही असो, तहान-भूक ओळखून केलेले काम आहे ते, आणि आपल्यासारख्या अन्नदानाची परंपरा जपणाऱ्यांनी त्याला मनापासून नमस्कार करावा. मात्र एवढे लक्षात ठेवावे, की ही सोय शहराची होती. खेड्यातला कुणबी आकाशाकडेच पाहत राहिला.

आणि आकाशाने त्याला वेळोवेळी दगा दिला. १६३० ते १६३२ चा दख्खनचा भीषण दुष्काळ आपण विसरू शकत नाही, कारण तो आपल्या तुकोबारायांच्या घरात शिरला होता. त्यात त्यांची पहिली पत्नी गेली, मूल गेले, दुकान बुडाले. त्यानंतर तुकोबांनी जे केले ते आपण कीर्तनातून ऐकतोच. त्यांनी पडके विठ्ठल मंदिर उभे केले आणि आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली. लोकांवर ओढवलेल्या संकटात आपले येणे वसूल करत बसू नये, हा त्यांचा धडा. पाण्याच्या गोष्टीत तो पुढे आपल्याला लागणार आहे.

१९७२ चा दुष्काळ तर आजही जुन्या माणसांच्या बोलण्यात आहे. मिलो ज्वारी, सुकडी, खडी फोडण्याची कामे. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यांच्या हातून पाझर तलाव झाले, नालाबांध झाले, रस्ते झाले. त्या अनुभवातून पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा आला. भुकेल्या माणसाला काम मागण्याचा हक्क मिळाला, हे महाराष्ट्राने देशाला दिलेले देणे आहे.

याच काळात पैठणला जायकवाडीचे धरण बांधले जात होते. या नावाची कथा मोठी मजेची आहे. हैदराबाद राज्याच्या काळात गोदावरीवर बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ धरण बांधण्याचा विचार होता. पुढे जागा बदलली, धरण सुमारे १०० किलोमीटर वर पैठणला आले, पण नाव जायकवाडीचेच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. सुमारे दहा किलोमीटर लांब मातीची भिंत, २७ दरवाजे, शंभर टीएमसीहून अधिक साठा. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. जलाशयाला नाव दिले ‘नाथसागर’.

नाव ठेवणाऱ्यांनी फार योग्य ठेवले. पैठणच्या नाथवाड्यातला रांजण आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. साक्षात भगवंत श्रीखंड्या होऊन बारा वर्षे नाथांघरी राबला, गोदेचे पाणी कावडीने आणून तो रांजण भरीत राहिला, अशी आपली श्रद्धा आहे. आजही नाथषष्ठीच्या आधी भाविक त्यात पाणी ओततात. ज्याच्या घागरीने रांजण भरून वाहतो, त्याच्या रूपाने श्रीखंड्या येऊन गेला असे मानतात. ती घागर कोणाची असेल, हे आधी कोणालाच कळत नाही. म्हणून येणारा प्रत्येक जण आपली घागर मान देऊन ओततो.

नाथसागर हा मराठवाड्याचा रांजण. त्याने शहरांना पिण्याचे पाणी दिले, उद्योगांना दिले, कालव्यांवरच्या शेतीला दिले. ज्यांच्या रानात पहिल्यांदा कालव्याचे पाणी आले, त्यांनी त्या पाण्याची पूजा केली. हे ऋण नाकारू नये. पण या रांजणाच्या तळाशी शंभराहून अधिक गावे आहेत. तिथली घरे, मारुतीचे पार, भजनाची मंदिरे, काळी कसदार जमीन पाण्याखाली गेली. उजनीचे पाणी खाली गेले की पळसदेवचे जुने मंदिर वर दिसू लागते. ते पाहताना ज्यांचे गाव पाण्यात गेले, त्यांच्या मनात काय होत असेल? आज आषाढीला आपण चंद्रभागेत बुडी मारतो, तेव्हा त्या पात्रात बहुधा उजनीतून सोडलेले पाणी असते. म्हणजे आपल्या स्नानातही कोणाच्या तरी गावाचा त्याग मिसळलेला आहे. बुडी मारताना त्या अनोळखी माणसांना एक नमस्कार करावा.

आता हवामानाच्या प्रश्नाकडे येऊ. धरण बांधताना अभियंते मागच्या अनेक वर्षांचा पाऊस आणि नदीचा प्रवाह मोजतात, आणि पुढेही साधारण तसाच पाऊस पडेल असे धरून भिंतीची उंची, दरवाजे, कालवे ठरवतात. त्यात त्यांची चूक नसते. दुसरा आधारच नसतो. पण आता तो आधारच हलला आहे. हवा तापली की तिच्यात बाष्प जास्त मावते, एका अंशाला साधारण ७ टक्के अधिक. हे बाष्प कोसळते तेव्हा एकदम कोसळते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. आपल्या शेतकऱ्याला हे दुसऱ्या भाषेत आधीच कळले आहे. मृगात पेरावे तर खंड पडतो, आणि सोयाबीन काढणीला आले की आभाळ फाटते.

दहा वर्षांत आपण दोन्ही टोके पाहिली. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हते, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. सुमारे साडेतीनशे किलोमीटरची ती कावड आपल्या पंढरपुरावरूनच जात होती. आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्याच मराठवाड्यात अतिवृष्टीने नद्या शेतांत शिरल्या, पिकांबरोबर मातीही खरवडून गेली. ज्या धरणाच्या तळाकडे लोक चिंतेने पाहत होते, त्याच धरणाच्या दरवाजांकडे खालची गावे भीतीने पाहू लागली.

यात धरण चालवणाऱ्यांची मोठी कोंडी आहे. ऑगस्टमध्ये धरण भरून ठेवावे तर सप्टेंबरच्या पुराला जागा उरत नाही. जागा रिकामी ठेवावी आणि पुढे पाऊस आलाच नाही, तर वर्षभर तहान. कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा याची ‘जलाशय परिचालन सूची’ असते, पण तीही जुन्या पावसावर आधारलेली. शिवाय नाथसागर उथळ आणि पसरट. उन्हाळा जितका कडक, तितके जास्त पाणी वाफ होऊन उडणार. म्हणजे मोठा रांजण असला की चिंता मिटली, असे नाही. रांजण मोठा झाला, पण घागरी कधी येतील आणि किती येतील, हे आता सांगता येत नाही.

अशा वेळी खरी परीक्षा वाटपाची होते. गोदावरीच्या वरच्या अंगाला नाशिक-अहिल्यानगरची धरणे, खाली जायकवाडी. पाऊस कमी झाला की वरचे म्हणतात आमच्या डोंगरातले पाणी, खालचे म्हणतात आमच्या हक्काचे पाणी. २००५ साली राज्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. खोऱ्यातल्या सर्वांना समन्यायाने पाणी मिळावे, हे त्यात आले. पुढे असे ठरले, की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून तूट भरून द्यावी. हा नियम सुखाने अमलात आला असे नाही. आंदोलने झाली, न्यायालये झाली, पोलीस बंदोबस्तात दरवाजे उघडले गेले.

वारकऱ्याने हा वाद कसा पाहावा? गोदावरी उगम पावते त्र्यंबकेश्वरी, तिथे निवृत्तिनाथांची समाधी. तिला मिळणाऱ्या प्रवरेच्या काठी नेवाशाला शके १२१२ मध्ये माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली. पुढे प्रवरासंगमानंतर नाथसागर आणि पैठण, जिथे नाथांनी शके १५०६ मध्ये त्याच ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. नदी आणि परंपरा एकाच दिशेने वाहिल्या. वरून आलेले नाथांनी गाळून, स्वच्छ करून पुढच्यांना दिले. निवृत्तिनाथांनी जे ज्ञान धाकट्या भावाला दिले, ते ‘आमच्या डोंगरातले’ म्हणून अडवून ठेवले असते, तर आज आपल्या हाती काय असते? दरवर्षी निवृत्तिनाथांची पालखी वरून येते, नाथांची पालखी खालून येते आणि वाखरीला संतांच्या भेटी होतात. त्याच त्र्यंबकची आणि त्याच पैठणची माणसे घरी परतली की दरवाजाच्या चावीसाठी भांडतात. यात शेतकऱ्याचे पोट अडकलेले आहे, म्हणून त्याला दोष देणे सोपे नाही. पण वाखरीला ज्याच्या पायावर आपण डोके ठेवले, त्याच्या गावच्या पाण्याचा हिशेब आपल्याला परका कसा वाटावा?

मोठ्या योजनांना सरसकट विरोध करावा, असे या इतिहासातून निघत नाही. लातूरकरांना त्या एप्रिलमध्ये पाझर तलावाच्या गोष्टी सांगून तहान भागली नसती. दुरून आणलेले पाणीच कामी आले. चीनने दक्षिणेचे पाणी हजाराहून अधिक किलोमीटर उत्तरेला नेऊन २०१४ च्या डिसेंबरपासून बीजिंगला पोहोचवले आहे. पण दुसरे उदाहरणही जगासमोर आहे. मध्य आशियात १९६० नंतर कापसासाठी दोन मोठ्या नद्या वळवल्या, आणि अरल समुद्र बहुतेक आटून गेला. मासेमारीच्या होड्या वाळवंटात उभ्या राहिल्या. पाणी आणण्याची कला दोन्हीकडे होती. कोणासाठी आणि किती, हे विचारायचे अरलच्या काठी राहून गेले.

आपल्या मुक्ताईच्या खोऱ्यातही एक वेगळी मोठी योजना आकार घेत आहे. १० मे २०२५ रोजी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांनी तापी खोऱ्याच्या महापुनर्भरण योजनेचा करार केला. सातपुड्याच्या पायथ्याशी गाळाचा, पाणी पटकन पिणारा पट्टा आहे. पुराचे पाणी कालव्यांनी तिथवर नेऊन जमिनीत मुरवायचे, असा हा बेत. केळीच्या बागांनी तिथली विहिरींची पातळी खोल नेली आहे. तेव्हा उपशाला आवर घातला तरच मुरवलेले पाणी टिकेल. अजिंठ्याच्या डोंगराचे तसे नाही. इथला काळा बेसॉल्ट खडक पाणी फारसे धरत नाही. इथे माथ्यावर झाडोरा, उतारावर चर, ओढ्यावर बांध आणि मग खाली मोठा तलाव, असेच क्रमाने जावे लागते. डोंगर उघडा पडला, तर पाऊस माती घेऊन सरळ धरणात उतरतो आणि रांजण गाळाने भरतो.

वाटपाचीही एक चांगली वाट याच गोदावरी खोऱ्यात सापडली आहे. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पाच्या कालव्यावर शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांना पाणी मिळत नव्हते. १९९० च्या दशकात ओझर परिसरातील त्या शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढल्या, पाणी मोजून घेतले, मोजून वाटले. पुढे साऱ्या प्रकल्पावर अशा संस्था उभ्या राहिल्या. धरण तेच, कालवा तोच, पाऊसही तोच. फरक पडला तो शेवटच्या माणसाचा हक्क मानल्याने. दिंडीतही आपण हेच करतो. पंगतीत पुढचा कितीही भुकेला असो, मागच्या माणसाच्या पानात पडल्याशिवाय हरिनामाचा गजर होत नाही आणि कोणी घास उचलत नाही.

शेवटी पुन्हा नाथांकडेच येतो. काशीहून गंगेची कावड घेऊन नाथ रामेश्वराला निघाले होते. शेकडो कोसांचे कष्ट, केवढा संकल्प! वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि नाथांनी ती कावड त्याच्या तोंडी लावली. सोबतचे हळहळले. नाथांना मात्र रामेश्वर तिथेच भेटला. दुरून पाणी आणण्याची एवढी मोठी योजना आणि तिचा शेवट असा. यात योजना फसली असे आपण म्हणत नाही. ती तिथेच पूर्ण झाली, असे आपण मानतो.

आज ना उद्या मोठ्या कावडी आपल्या दारी येतील. कोकणाकडून येतील, धरणाधरणांतून नळाने येतील. त्या आल्या, की आपण काय करणार आहोत? वरच्या अंगाला ऊस वाढवून मोकळे होणार, की शेवटच्या वस्तीवरच्या हंड्यापर्यंत त्या नेणार? राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम आहे. नाथांच्या आचरणात तो चारशे वर्षांपूर्वीच होता. हे ठरविणे अभियंत्यांच्या हाती नाही, ते ग्रामसभेत बसणाऱ्या तुमच्या-माझ्या हाती आहे.

म्हणून एक विनंती. यंदा वारीहून परतलात की आपल्या गावच्या ओढ्यावरचा जुना बांध एकदा पाहून या. तो गाळाने भरला असेल तर भजनी मंडळाने मिळून उपसावा. आपल्या कालव्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत जाते का, हे त्या शेतकऱ्याला जाऊन विचारावे. आणि उन्हाळ्यात वरच्या-खालच्या गावांत वाद निघाला, तर तुकोबांनी इंद्रायणीत सोडलेली ती खते आठवावीत. रांजण कोणाच्या घागरीने भरून वाहील, हे आपल्याला ठाऊक नाही. आपली घागर ओतणे तेवढे आपल्याकडे आहे.

रामकृष्णहरी.